धुळ्याची थंडी आणि आमची केळी

परवापासून वारा फिरला आहे. दुपारी कळत नाही, ऊन अंगाला बरं वाटतं. पण दिवस कलला की घराची उत्तरेकडची भिंत हाताला गार लागू लागते. गावातली माणसं रस्त्यात भेटली की बोलायच्या आधी आकाशाकडे बघून घेतात. ढग नाही. म्हणजे थंडी वाढणार.

आज सकाळी मुरलीने रेडिओ लावला होता. मुरली म्हणजे मुरलीधर, माझा नवरा. बातम्यांच्या शेवटी निवेदिका नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, राज्यात सर्वांत कमी तापमान धुळे इथे. मी भाकरी थापत होते, माझा हात थांबला. धुळ्याचं नाव राज्याच्या बातम्यांत एरवी येतं ते मोर्चासाठी. थंडीसाठी आलं की मला अजून आनंद होतो, आपल्या बाकावरच्या मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा. आणि त्या आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी येऊन उभं राहतं. तव्यावरची भाकरी करपली. मुरलीने रेडिओ बंद केला आणि आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी धुळ्याची. आमचं घर जुन्या वस्तीत, एका नंबराच्या गल्लीत. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत: गल्ली नंबर तीन, चार, पाच. परगावच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, मला मात्र लहानपणापासून याचा अभिमान. माझे वडील, नाना, म्हणायचे, "आपल्या गल्लीला ना जातीचं नाव, ना सावकाराचं, ना देवाचं. पत्त्यावरून माणूस कुठे राहतो तेवढं कळावं. तो कोण, हे विचारायचा पत्त्याला काय अधिकार?"

नाना नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायचे. नळाला पाणी नाही, वसतिगृहातलं जेवण खराब आहे, निंदणीच्या बायांना मजुरी कमी मिळते, कुणाच्या मुलीचं लग्न हुंड्यासाठी अडलंय. कुणीही यावं आणि नानांकडून पत्रक लिहून न्यावं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'सर्व सुजाण नागरिकांना जाहीर आवाहन' हे मी पहिलीत असताना न अडखळता वाचत होते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही भावंडं गणितं सोडवायचो. त्यामुळे माझ्या मनात अजूनही प्रत्येक बेरजेच्या मागे कुणावर तरी अन्याय झालेला असतो.

थंडीत पत्रकं वाटणं फार अवघड. माणसं शालीतून हात बाहेर काढत नाहीत. नानांनी मला शिकवलं होतं की हात पुढे येण्याची वाट बघू नये, शालीच्या घडीत कागद खोचावा आणि पुढे जावं; घरी गेल्यावर शाल सोडताना तो पडतो आणि पडलेला कागद माणूस वाचतोच. अशा किती संध्याकाळी मी पाचकंदीलच्या बाजारात घालवल्या. तोंडातून वाफ निघायची, ती वाफ बघायला मी मोठ्याने घोषणा द्यायचे. गल्लीच्या तोंडाशी शेकोट्या पेटलेल्या असायच्या. लोखंडी कढईत दूध आटत असायचं आणि त्याच्या कडेला साय धरायची. पहाटे पांझरेच्या पाण्यावर धुकं असं बसलेलं असायचं की पुलावरून जाणारा सायकलवाला अर्धाच दिसायचा, कमरेपासून वर. उन्हाळ्यात धुळं म्हणजे भट्टी. थंडीत मात्र त्या गावाला एक धार येते. माणसं भराभर चालतात, खरं बोलतात, जवळ बसतात. असं मला वाटायचं. अजून वाटतं.

मी लग्न करून आले ती सावद्याजवळच्या या गावात, केळीच्या मुलखात. इथे येईपर्यंत मला माहीतच नव्हतं की थंडीला कुणी शत्रू मानतं.

केळीला थंडी सोसत नाही. पारा फार खाली गेला की पानं पिवळी पडतात, कडा जळतात, वाढ थांबते. इकडे त्याला चरका म्हणतात. मोठं झाड कसंबसं निभावतं, कोवळं झाड मात्र एका पहाटेत मान टाकतं. म्हणून कडाक्याच्या दिवसांत माणसं उजाडायच्या आधी बागेत जातात आणि वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ओला-सुका कचरा पेटवतात. जाळ नको असतो, धूर हवा असतो. तो धूर बागेवर गोधडीसारखा पसरायला हवा. जाळ झाला तर पाणी शिंपडायचं, विझायला लागलं तर फुंकायचं, आणि ऊन वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. डोळे सुजतात, कपड्यांना आठवडाभर वास राहतो.

आमचं लग्न नोंदणीचं. मुरली धुळ्याला शेतकी शिकायला होता आणि मी त्याच्या शालीत पत्रक खोचलं होतं. ते त्याने वसतिगृहावर जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायला आला. चुका नानांच्या नव्हत्या, छापखान्याच्या होत्या, असं मी त्याला पुढचे कित्येक दिवस पटवून देत राहिले. लग्नाआधी मी त्याच्यापुढे मागण्या मांडल्या, पत्रकात मांडतात तशा, क्रमाने. मी तुला नावाने हाक मारीन. मी लिहीन. आणि दर थंडीत आपण दोघं धुळ्याला जाऊ. माहेरी म्हणून नाही. तू जावई म्हणून नाही. ना आहेर, ना ओवाळणं, ना पहिल्या पंगतीचं पान. आपण लॉजमध्ये उतरू आणि गाव बघायला आलेल्या दोन माणसांसारखे फिरू. जावयाचा मान हा मुलीचा अपमान असतो, हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि मला ते जगून दाखवायचं होतं.

मुरली हसून म्हणाला, "मान्य. मागण्या संपल्या का, की उपोषणही आहे?"

पहिल्या थंडीत जमलं नाही, दुसऱ्याही नाही. शेताचं काहीतरी निघायचंच. तिसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. शब्द म्हणजे शब्द, असं मी म्हणाले. हे वाक्य नानांचं. त्यांनी ते कित्येक मोठ्या माणसांना ऐकवलं होतं, मी नवऱ्याला ऐकवलं.

पण ते तिसरं वर्ष साधं नव्हतं. माझे सासरे, आबा, सगळी केळी पावसाच्या तोंडावर लावायचे. त्यांच्या वडिलांनीही तशीच लावली होती. मुरलीने त्या वर्षी पहिल्यांदा तापीकडच्या वावरात कांदेबाग धरली, म्हणजे पाऊस सरल्यावर लावलेली केळी. आबांना ते पसंत नव्हतं. आबांच्या बोलीत केळीची केयी होते आणि धुळ्याचं धुये. ते म्हणाले होते, "कांदेबाग म्हनजे हिवाच्या तोंडात लेकरू देनं. पन तुले शिकोलं मी, तं तुह्यं ऐकलं पाह्यजे. लाव. ते वावर तुह्यं. केयी जगली तं पुढच्या सालापासून बठ्ठं तुह्याच मनानं करू. नाही जगली तं मंग मले शिकवू नको." घरात सासूबाई नव्हत्या, त्या आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तिघांचं घर. त्या घरात पुढे कुणाचं ऐकलं जाणार ते त्या कोवळ्या बागेवर ठरायचं होतं, आणि हे मला माहीत होतं. माहीत असूनही मला ते माझ्या मागणीपेक्षा लहान वाटत होतं.

निघालो त्या सकाळी आबा ओट्यावर बसले होते. गुडघ्यांनी त्यांना तेव्हाच त्रास द्यायला सुरुवात केली होती, उठताना ते खांबाला धरायचे. त्यांनी बोट ओलं करून वर धरलं.

"वारा उत्तरेचा हाय," ते मुरलीला म्हणाले.

मुरली ओट्याच्या पायरीवर थांबला. त्याच्या हातात पिशवी होती.

"आबा, वारा रोजच कुठून तरी येतो," मी म्हणाले. "माणसानं घरातून कधी बाहेरच पडू नये का?"

"पडावं ना, सुनबाई. मी कोठी नाही म्हनलं? मी वाऱ्याचं सांगू राह्यलो."

मला तो टोमणा वाटला. मी तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात टोमणा शोधायचे. सासरा म्हणजे सत्ता, सत्ता म्हणजे विरोध, असं माझं गणित सरळ होतं.

जळगावपर्यंत एक एस.टी., तिथून धुळ्याची दुसरी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी खिडकीशी बसले होते आणि काच पूर्ण उघडली होती. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "बाई, तुमच्या नवऱ्याला तरी विचारा, कुडकुडतोय तो." मी बघितलं तर मुरली खरंच आखडून बसला होता, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्याने माझ्यापुढून हात खिडकीतून थोडा बाहेर काढला होता आणि बोटं हवेत हलवत होता, कापड विकत घेताना माणूस पोत बघतो तशी. मला वाटलं, माझ्या गावाची हवा त्याला आवडू लागली.

धुळ्यात उतरलो आणि मी सुटलेच. चार वर्षं तो या गावात शिकला होता, पण वसतिगृह आणि कॉलेज यांपलीकडे त्याने काही बघितलं नव्हतं. मी त्याला नंबराच्या गल्ल्यांतून फिरवलं. इथून मोर्चा निघायचा. इथे पोलिसांनी आमचा बोर्ड काढून घेतला. या भिंतीवर मी घोषणा लिहिली होती, चुन्याखालून अजून तिची दोन अक्षरं दिसतात, बघ. तो बघायचा, मान हलवायचा. मी कढईतलं दूध पाजलं. दूधवाला आमच्या ओळखीचा निघाला. नानांना तो गुरुजी म्हणायचा. मुरलीला बघून म्हणाला, "जवाई शेतस का? मंग पैसा नही लेवाव."

"पैसे घ्या," मी म्हटलं. "जावई नाही, गिऱ्हाईक आहे."

"बाप शे तशी पोर शे," तो मुरलीला म्हणाला. "तुमनं कसं चालस, दादा?"

"चालतं," मुरली म्हणाला. "थंडी अशीच राहते का हो इथे?"

"हाई काहीच नही. सकाय देखज्यात."

मी टाळी दिल्यासारखी हसले. माझ्या गावाची बढाई दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते.

घरी भेटायला गेलो. नानांना लॉजचं पटलं होतं, ते म्हणाले, छान, छान, नवं काही सुरू होतंय. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी आत गेले तर ती पेटीतून घोंगडी काढत होती. "ही घेऊन जा," ती म्हणाली. "लॉजवर पातळ रजया देतात."

"आई, काही न घेण्याचं ठरलंय आमचं."

"तुझं ठरलंय. त्याचे ओठ निळे पडलेत. तत्त्व पांघरता येतं का गं अंगावर?"

मी घोंगडी घेतली नाही. मुरलीने दाराशी जाऊन आईला नमस्कार केला आणि दोन्ही हात पुढे केले, आणि तिने ती त्याच्या हातावर ठेवली. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याला उठवून पांझरेवर नेलं. धुकं होतंच, पण त्यापेक्षाही काही जास्त होतं. काठावरचं गवत पांढरं झालं होतं. दव गोठलं होतं. मी एवढी वर्षं धुळ्यात काढली, पण गोठलेलं दव दोन-तीनदाच बघितलं होतं, आणि आज तो माझ्याबरोबर असताना ते पडलं होतं. मी चपला काढून त्यावरून चालले. पायांखाली ते बारीक कुरकुरत होतं. "मुरली, बघ, हिव पडलंय. बघ ना."

तो उकिडवा बसला होता. गवताची एक काडी त्याने दोन बोटांत धरली होती आणि तिच्यावरचं पांढरं विरघळून पाणी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. काठावर एक म्हातारा म्हशी धूत होता. मुरलीने त्याला विचारलं, हे इथलंच आहे की सगळीकडे पडलं असेल?

"पार तापीलोंग पडेल व्हई," म्हातारा म्हणाला. "तुमनाकडे केयी शे का? मंग तिनं काही खरं नही, भो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालपासूनचा त्याचा तो बाहेर काढलेला हात, दूधवाल्याला विचारलेला प्रश्न, आबांचं ओलं बोट. माझे पाय एकदम गार पडले. मी चपला घातल्या.

"तुला काल निघतानाच माहीत होतं?"

"वारा उत्तरेचा होता," तो म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"शब्द म्हणजे शब्द, तूच म्हणालीस."

टोमणा नव्हता त्यात. तो खरंच तसं मानत होता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. पत्रकात लिहिलेली वाक्यं लोकांनी खरी मानावीत म्हणूनच तर लिहितो आम्ही. पण खरी मानणारा माणूस असा गवतात उकिडवा बसलेला दिसला की ते वाक्य आपण परत घ्यावं असं वाटतं.

"चल, निघू," मी म्हणाले. "दुपारची गाडी मिळाली तर संध्याकाळी पोचतो. उद्या पहाटे धूर करायला तू असशील."

आम्ही आग्रा रोडवर एस.टी.डी.च्या बूथवर गेलो. आमच्या गावात तेव्हा फोन एकच, किराणा दुकानात. बराच वेळ लागत नव्हता. लागला तेव्हा दुकानदाराचा आवाज मलाही बाहेर ऐकू येत होता, एवढ्या मोठ्याने तो बोलत होता.

"हो, हो, इकडे लई हिव. आबा? ते तं अंधारातच गेले वावरात. धूर दिसू राह्यला तिकडून. जाता जाता सांगून गेले, पोराचा फोन आला तं म्हना, मी हाय अठी. घाई नको करू. सुनेले धुये पाहू दे सगयं."

मुरलीने फोन ठेवला. बूथमधून बाहेर येऊन तो पायरीवर बसला. मी उभी होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, मुंबईकडे, इंदूरकडे.

"चल ना," मी म्हणाले. "त्यांचे गुडघे..."

"माहीत आहे मला त्यांचे गुडघे."

मी पिशवी आणायला लॉजकडे वळले तेव्हा त्याने मला हाक मारली. "थांब," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. आजचा दिवस राहू."

"वेडा आहेस का? बाग जाईल तुझी."

"जाईल. नाहीतर राहील. पण तू काल त्या भिंतीपाशी जशी बोलत होतीस तशी घरी कधी बोलली नाहीस. तीन वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, तुझा आवाजच तेवढा आहे."

सगळ्या पत्रकांत मी हक्कांबद्दल वाचलं होतं. हक्क मागायचा कसा, नाकारला तर काय करायचं, हे मला पाठ होतं. पण कुणी तो असा पायरीवर बसून देऊ लागला तर काय करायचं असतं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी नाही म्हणायला हवं होतं की हो, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आणि आम्ही राहिलो.

तो दिवस कसा होता ते लिहिणं मी इतकी वर्षं टाळत आले. कारण तो फार चांगला होता. आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन लळिंगच्या किल्ल्याकडे गेलो. डोंगरावर ऊन होतं आणि वारा होता. वरून धुळं दिसत होतं, आमच्या गल्ल्या आखलेल्या दिसत होत्या. कुठली कितव्या नंबराची यावर आम्ही भांडलो. मुरलीने एका दगडावर उभं राहून नानांच्या आवाजात 'सर्व सुजाण नागरिकांना' अशी सुरुवात केली आणि मी हसता हसता खाली बसले. बाजरीची भाकरी आणि शेवेची भाजी खाल्ली, तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. परतताना त्याने विचारलं की नंबराच्या गल्लीत घर घ्यायचं झालं तर मी कोणता नंबर घेईन. मी सांगितला. त्याने तो इतक्या गंभीरपणे ऐकून घेतला की जणू आम्ही उद्या सामान हलवणार होतो. दिवसभरात त्याने केळीचा शब्द काढला नाही. मीही नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की तिकडे एक म्हातारा माणूस खांबाशिवाय उठतोय आणि बसतोय, आणि ते ठाऊक असूनही आम्ही सुखी होतो. ठाऊक असल्यामुळे थोडे जास्तच, असं लिहायला हात धजत नाही, पण ते खरं आहे. आमच्या संसारातला मला सर्वांत आवडता दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी दुसरा एखादा दिवस सांगते.

पुढची पहाटही तशीच उजाडली. लॉजच्या खिडकीची काच आतून ओली होती. पहिल्या गाडीत आम्ही बसलो, पारोळा आलं, एरंडोल आलं, आणि ऊन वर चढत गेलं. भुसावळच्या पुढे केळीच्या बागा सुरू होतात. रस्त्याकडेच्या बागांची पानं शिजल्यासारखी लोंबत होती. मुरली एका खिडकीतून बघत होता, मी दुसऱ्या.

घरी पोचलो तर आबा नव्हते. अंगणाच्या कडेला आमची पऱ्हाटी रचलेली असायची. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली, वाळलेली झाडं. वर्षाचं सरपण. माझी चूल त्यावर चालायची. ती गंजी तिथे नव्हती. जमीन झाडून काढल्यासारखी मोकळी होती आणि पलीकडचं शेत दिसत होतं, जे मी त्या घरातून कधी बघितलंच नव्हतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या अंगणातून तापीकडच्या वावराकडे गेल्या होत्या.

आम्ही धावतच गेलो. उत्तरेच्या बांधावर राखेचा काळा पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याच्या शेवटी आबा बसले होते. धोतर काळं, हात काळे. डोळे इतके लाल की ते उघडे आहेत की मिटलेले ते जवळ जाईपर्यंत कळलं नाही. बांधालगतच्या ओळी गेल्या होत्या, पिवळ्या पडून माना टाकलेल्या. पण त्यांच्यापलीकडे बाग उभी होती. हिरवी. मुरली ओळीओळींतून शेवटपर्यंत चालत गेला, एकेका झाडाचा पोगा, शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, चिमटीत धरून बघत परत आला आणि आबांच्या समोर उभा राहिला.

"कचरा पुरला नाही," आबा म्हणाले. घसा बसला होता त्यांचा. "काठच्या ओयी गेल्या. बाकीची जगली. पुढच्या सालीबी कांदेबागच लाव. पन आधी उत्तरेले शेवरी लाव दाट, वारा अडला पाह्यजे."

एवढंच. ज्या बागेवर घरातलं सगळं ठरायचं होतं, ती त्यांनी स्वतःविरुद्ध वाचवली होती आणि निकालही स्वतःच देऊन टाकला होता. मी तोपर्यंत त्यांना विरोधी पक्ष समजत आले होते.

त्यानंतर आम्ही थंडीत कधी धुळ्याला गेलो नाही. उन्हाळ्यात जातो. मुरली दर वर्षी विचारतो, मी दर वर्षी म्हणते, नको, वारा बघ. शेवरी आता उंच झाली आहे, तरी पहाटे आम्ही दोघं बांधावर असतो. धुराने माझे डोळे चुरचुरतात आणि मला माहीत असतं की याच वेळी पांझरेवर धुकं बसलेलं असेल. या बाजूला उभं राहून मी त्या थंडीला शिव्या द्यायला शिकले आहे, पण मनापासून नाही. रेडिओवर धुळ्याचं नाव आलं की पहिल्यांदा आनंदच होतो. मग आबांकडे बघवत नाही. ते आता आत, चुलीशी बसलेले असतात. उन्हाळ्यातही त्यांना पायांवर उभं राहवत नाही. वयाने, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना हळद लावून शेक देते, आणि डॉक्टरांचं म्हणणं मानायचा प्रयत्न करते.

त्या दुपारी बांधावर, मुरली पाण्याचा पाट बघायला गेल्यावर, मी आबांना उठवायला हात दिला होता. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत. वर बघून म्हणाले, "कसं हाय तुह्यं धुये?"

या घरात आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तीन वर्षं मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. गल्ल्यांचे नंबर, कढईतलं दूध, नदी, किल्ला, सगळं. आणि समोर ते लाल डोळे होते.

"काही खास नाही, आबा," मी म्हणाले. "आपल्या इकडच्यासारखंच. उगीच गेलो."

आबांनी माझा हात सोडला नाही.

"असं नको म्हनू, पोरी," ते म्हणाले. "मंग मी वर्साची पऱ्हाटी कशाले पेटवली?"